बाईची पंचेचाळीस गुणसूत्रं

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, पण मी सातवीत गेले तेव्हाच तिच्याहून उंच झाले होते. बाईची उंची वाढली नाही आणि पाळीही कधी आली नाही. आईने तिला आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या दर्ग्यावर नेलं, उपास धरले. "लगन झाल्यावर होते सारं," असं बायका म्हणाल्या, म्हणून गोष्ट लपवून लग्न लावलं. दोन वर्षांनी सासरच्यांनी तिला आमच्या गावी, बोदलकशाला, दारात आणून सोडलं. नवऱ्याने दुसरी केली. बाई शेळ्या राखू लागली. बारशाला तिला कोणी बोलवेना.

मी गोंदियात बी.एस्सी. करत होते. एकदा सरांनी वर्गात गुणसूत्रांचे तक्ते लावले. माणसाच्या एका पेशीतली गुणसूत्रं, मोठ्यापासून लहानापर्यंत जोड्या लावून मांडलेली. तेवीस जोड्या, सेहेचाळीस. शेजारच्या तक्त्यात पंचेचाळीसच होती. शेवटच्या जोडीत एक एक्स, बाजूची जागा रिकामी. "अशी मुलगी ठेंगणी राहते, मान रुंद असते, पाळी येत नाही," सर सांगत होते. पोरी उतरवून घेत होत्या. माझ्याच्याने लिहवेना. सर आमच्या बाईबद्दलच बोलत होते.

परीक्षा संपल्यावर मी बाईला नागपूरला नेलं. रक्त दिलं, तीन आठवड्यांनी रिपोर्ट घ्यायला गेलो. पंचेचाळीस. बाई बाहेर बाकावर बसली होती तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "बाराव्या-तेराव्या वर्षी आणायला हवं होतं. उंची थोडी वाढली असती, औषधांनी पाळी आली असती. मूल होणं तेव्हाही कठीणच होतं, पण लोकांना काही दिसलं नसतं."

परतीच्या बसमध्ये मी बाईला सगळं समजावलं. तिने विचारलं, "शेळीचे किती रायतेत?"

"साठ."

"मंग शेळी आपल्याहून शायनी म्हनाव!" ती हसली. मग म्हणाली, "आई म्हनते, मी पोटात असताना तिनं गरहन पाळलं नाई, म्हून असं झालं."

"नाई वं बाई. जीव धरतानाच एखादं निसटून जाते. कोनाचीच चूक नाई."

"लहानपनी आनलं असतं त?"

मी रिपोर्टची घडी घातली. "तरी काईच झालं नसतं," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि तिरोडा येईपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. घरी गेल्यावर तिनेच आईला सांगितलं, "तुयी चूक नाई वं आई. कवाबी नेलं असतं तरी काई झालं नसतं." आई पदर तोंडावर घेऊन रडली, कितीतरी वर्षांचं. मी आत पाणी प्यायला गेले आणि तिथेच उभी राहिले.

आता आई नाही. बाईच्या हाडांच्या गोळ्या दर महिन्याला मीच नेऊन देते. खरं मी तिला अजून सांगितलेलं नाही.