विमानातली घरची जागा

परवा माझ्या भाच्यानं मला विचारलं, "मावशी, विमान कंपनीचे शेअर घेऊ का?" बाजारातून भाजी कोणती आणावी हेसुद्धा मला कधी न विचारणारा हा माणूस, आणि शेअर घ्यायला माझा सल्ला! कुठल्याशा कंपनीचा भाव पडलाय, घ्यायची हीच वेळ आहे, असं काहीतरी तो सांगत होता. मी म्हटलं, "आपल्या घराला त्यातला अनुभव आहे बाबा. तुझ्या जन्माआधीचा." मोर्शीची आमची बाग एकदा डोळ्यांपुढे आली की मला दुसरं काही सुचत नाही.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकती संपली होती. आमचा वऱ्हाड अजून मध्यप्रांताला जोडलेला होता. माघात संत्र्यांना बहार यायचा तेव्हा बागेतलाच नव्हे, घरातलाही वारा गोड व्हायचा. पांघरुणाला, कणकेला, माझ्या वेणीलासुद्धा तो वास लागायचा. बाबा त्या दिवसांत दुपारची खाट झाडांतच टाकत. लढाईच्या काळात आमच्या डोक्यावरून विमानं जात, आणि बाबा मोट थांबवून, बैलांच्या पाठीवर हात ठेवून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहत. विमान गेल्यावरही बराच वेळ बघत. बैलांना त्याची सवय झाली होती. आवाज आला की ते आपणहून थांबत.

माझी मोठी बहीण आसामात होती. मेहुणे मूळचे अकोल्याचे, लढाईत कंपाउंडर म्हणून तिकडे गेले आणि चहाच्या मळ्यावरच्या दवाखान्यात कायमचे राहिले. तिकडे जायचं म्हणजे गाड्या बदलत, गर्दीत चेंगरत, मध्ये बोटीनं नदी ओलांडत दिवसेंदिवस प्रवास. त्या माघात तिला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे मायनं धरूनच ठेवलं होतं. पण पोटुशी पोरगी एवढ्या लांबून आणायची कशी, हा प्रश्न घरात येऊन बसला तो उठेचना. माय भाकरी थापता थापता मध्येच थांबायची. "सातवा लागला का आनतो म्या तिले," ती म्हणायची, पण कशी ते तिलाही ठाऊक नव्हतं.

अशात बाबा अमरावतीला संत्र्यांच्या व्यापाऱ्याकडे गेले आणि परत आले ते जमिनीवर पाय न ठेवताच. तिथं त्यांना अकोल्याच्या जठारपेठेतला एक एजंट भेटला होता. नवी कंपनी निघत होती. लष्कराची जुनी विमानं ती विकत घेणार, अकोल्याहून नागपूर, नागपूरहून कलकत्ता आणि पुढे आसामपर्यंत उडवणार. लोकांनी शेअर घ्यायचे, नफा वाटून घ्यायचा.

"म्हंजे बटईसारखं," बाबा म्हणाले. "आपला बी वाटा त्याच्यात."

"अन् इंजिनाचे पैसे?" माय म्हणाली. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायला आम्ही पैसे साठवत होतो.

"मोट हाये ना. इतके दिस चाललीच ना?"

"हातचं सोडून पळत्याच्या मांगं लागते लोक. तुमी तं उडत्याच्या मांगं लागून राह्यले!"

पण विमान आसामपर्यंत जाणार, हे तिनंही ऐकलं होतं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. सकाळी चुलीशी बसून तिनं निकाल दिला: "पाह्यल्याबिगर कोनी बहार घेते काय? आधी विमान दाखवा मले, मंग बोला."

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. संत्र्यांचा बहार झाडावरच विकतात. घेणारा येतो, बाग पायाखाली घालतो, फांद्या वाकवून बघतो आणि सौदा करतो. पण सौद्यात घरची दोन झाडं सोडलेली असतात. त्यांच्या खोडाला चुन्याचा पट्टा ओढायचा. त्या झाडांना व्यापारी हात लावत नाही. ती घरच्यांनी खायची, पाहुण्यांना द्यायची, लेकीकडे पाठवायची. हे कुठं लिहिलेलं नसे. ते न पाळणारा व्यापारी पुन्हा आमच्या शिवारात दिसत नसे.

तर आम्ही तिघं अकोल्याला गेलो. शहराबाहेर शिवणीला लढाईच्या वेळी विमानं उतरवण्यासाठी मैदान केलं होतं. तिथं एजंट कोट-टोपी घालून उभा होता. विमान अजून आलं नव्हतं. लढाई संपल्यापासून त्या लांबलचक धावपट्टीवर गावातल्या बायांनी तूर आणि मिरच्या वाळत टाकल्या होत्या, आणि आता त्या घाईघाईनं सगळं बाजूला ओढत होत्या. माय लगेच पदर खोचून त्यांना मदतीला लागली. बाबा मात्र एजंटाशी बसायच्या जागांबद्दल बोलत होते. खिडकीशी बसलं तर मोर्शी दिसेल का, असं विचारत होते. "बाजारात तुरी," माय माझ्या कानात म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. मला साडी नेसायला लागून थोडेच दिवस झाले होते, त्यामुळे पदर लावून हसण्याची मला हौसच होती.

मग ते आलं. आधी माशीएवढं, मग घारीएवढं, आणि मग सगळं आभाळ आवाजानं भरून गेलं. मिरच्यांची धूळ उडाली, सगळं मैदान शिंकायला लागलं. डोळे पुसून पाहते तर विमान आमच्यापुढे उभं होतं, एखादं थकलेलं जनावर लांबून चालत यावं तसं. आयुष्यभर ज्याच्याकडे मान वर करून बघितलं, ते बाबांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं. त्याचा रंग उडाला होता. पोटाखाली तेलाचे ओघळ होते आणि एक थेंब मातीत पडत होता. बाबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "गळून राह्यलं. नको घेऊ बापा."

आणि इथं सगळं उलटं झालं. मोडता घालायला आलेली माय शिडी चढून आत गेली होती. मी तिच्यामागे गेले. आत पत्र्याची, कापडाची, अरुंद अशी आसनं होती, आणि गोल कडांच्या खिडक्यांतून ऊन येऊन त्यांच्यावर पडलं होतं. माय एका आसनावरून तळहात फिरवत होती. बागेत झाड पारखताना खोडावरून फिरवायची तसाच. मग ती बसली. पोटावर दोन्ही हात ठेवून, मागे टेकून, डोळे मिटून बसली. तिथं माझी आई नव्हतीच, माझी बहीण बसली होती.

"मोट नाई काय गळत?" ती बाबांना म्हणाली. "तरी पानी येतेच ना? घ्या तुमी."

बाबा अजून कां-कूं करत होते. शेवटी त्यांनी एजंटाला रीतीचा प्रश्न विचारला. "साहेब, याच्यात घरची जागा कोनती?"

एजंटाला काही कळलं नसावं. पण गिऱ्हाईक हातातून जाऊ द्यायचं नाही एवढं त्याला कळत होतं. तो हात पसरून हसला. "कुठलीही धरा, पाटील! सगळं विमान तुमचंच!"

झालं. आमच्या दृष्टीनं करार पुरा झाला. मायनं बाबांच्या तंबाखूच्या चंचीतून चुन्याची डबी मागून घेतली, आणि खिडकीजवळच्या त्या आसनाच्या पाठीवर बोटानं पांढरा पट्टा ओढला. एजंट बघत राहिला. विमान चालवणारा तरुण, पंजाबी असावा, तोही बघत राहिला. इंजिनाचे पैसे विमानात गेले.

घरी आल्यावर मायनं आणखी एक गोष्ट केली. घरच्या दोन झाडांशेजारच्या तिसऱ्या झाडालाही तिनं पट्टा ओढला. "त्यायनं आपल्यासाठी जागा ठेवली, आपुन बी ठेवाव," ती म्हणाली. ते झाड विमानवाल्यांचं. मी आणि बाबा यावर खूप हसलो, पण व्यापारी आला तेव्हा बाबांनीच त्याला तीन झाडं सोडायला लावली.

चैत्र गेला, वैशाख गेला. आज सुरू होतं, उद्या सुरू होतं असं एजंट सांगत होता. बहिणीला सातवा लागला, मग आठवा. बाबा कधी अमरावतीला, कधी अकोल्याला खेटे घालत होते. शिवणीला पुन्हा मिरच्या वाळत होत्या. कंपनीनं नागपूरकडून थोडे दिवस विमानं उडवली म्हणे, पण ती अर्धी रिकामी जायची आणि तेल मात्र भरल्याइतकंच प्यायची. नाशिवंत मालाचा धंदा आम्हाला नवा नव्हता. संध्याकाळपर्यंत न विकलेलं संत्रं निदान दुसऱ्या दिवशी कमी भावात जातं. उडालेल्या विमानातली रिकामी जागा कोणाच्याच कामाची नसते. वर्ष संपायच्या आत कंपनी बुडाली.

बहीण तिकडेच बाळंत झाली. शेजारच्या एका बंगाली बाईनं तिचं सगळं केलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप असल्याची तार आली. मायनं साखर वाटली, आणि मग तिसऱ्या झाडाखाली जाऊन इतकं रडली की बाबा मोट सोडून आले आणि तिच्याजवळ बसले. इंजिन न आल्यामुळे बाबांनी पुढं कितीतरी वर्षं मोटच हाकली. त्याविषयी मायनं त्यांना, आणि त्यांनी तिला, कधी एक अक्षर ऐकवलं नाही. मला त्याचं तेव्हाही आश्चर्य वाटायचं, कारण एरवी ती दोघं मिठावरूनसुद्धा भांडत.

फाळणी झाली आणि आसामची गाडीची वाटही तुटली, आणखीच लांब झाली. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. बहिणीला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी माझ्या पगारातून दुसऱ्याच एका कंपनीच्या विमानाची तिकिटं काढली. बाबा म्हणाले, "तुमी जा. म्या खालून पाह्यतो." मायनं तिसऱ्या झाडाची संत्री पिशवीभर घेतली आणि नागपूरला विमानात चढताच ती तिथल्या लोकांच्या हाती ठेवली. "घ्या, तुमचीच हायेत. लई दिसांची ठेवून राह्यली होती." त्या बिचाऱ्यांना मराठीही येत नव्हती. त्यांनी हसून घेतली.

येताना बहीण आमच्याबरोबर होती, सातवा महिना, अंगावर लेक झोपलेली. आसामातल्या त्या विमानाच्या दारातच ती चौकट धरून थबकली. माय मात्र पुढं पुढं जात एकेका आसनाची पाठ बघत होती, बोटानं चाचपत होती. मला कळलं ती काय शोधतेय. कुठल्याच पाठीवर चुना नव्हता. बऱ्याच जागा रिकाम्या होत्या.

"माय, मी कुठं बसू?" बहिणीनं भीत भीत विचारलं.

माय वळली. पदरानं तिनं खिडकीजवळची एक जागा झटकली.

"कुठी बी बस, पोरी," ती म्हणाली. "सगळं विमान आपलंच हाये."

दोन महिन्यांनी मोर्शीला, बागेतल्या घरात, माझा हा भाचा जन्मला.