चाकांभोवती बांधलेला ओटा

आमच्या पहिल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नसत. मी भाकऱ्या थापायला उभी राहिले की आमचे हे बाकावर पाय वर घेऊन बसायचे, आणि ह्यांना शर्ट घालायचा असला की मी दाराबाहेर वाळूत. कुणी इंग्रज सर्व्हेअर म्हणे त्या गाडीतून वाळवंटभर हिंडला होता. एकटा जीव, हिंडणारच. त्याला सुके बोंबील थोडेच तळायचे होते! मी एकदा तळले, तर ह्यांच्या कपड्यांना आठवडाभर वास येत होता.

हे पाइपलाइन टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे डिझेल मेकॅनिक होते. आमचा कॅम्प आखातात, अहमदी गाव आणि मीना अल-अहमदी बंदराच्या मधे, उघड्या माळावर. मेसचं खाऊन खाऊन ह्यांच्या पोटाची पार वाट लागली, तेव्हा मुदीरनं, म्हणजे कॅम्पच्या मोठ्या साहेबानं, परवानगी दिली: बायकोला आणा, तिनं तुमचा आणि इथल्या आठ इंडियन कामगारांचा स्वयंपाक करावा. पण गाडीत बाकं दोन, तेव्हा माणसं दोन. तिसरं चालायचं नाही, लहान असलं तरी.

आमचं तिसरं माणूस अडीच वर्षांचं होतं. दापोलीजवळच्या गावी मी तिला माझ्या आईकडे ठेवली आणि बोटीत बसले. सहाच महिन्यांचा प्रश्न आहे, असं सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही. त्या सहा महिन्यांची चार वर्षं झाली. आई पत्राच्या पाठीमागे मुलीचा हात ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून पाठवायची. दर पत्रात हात मोठा झालेला असायचा. खोटं कशाला बोलू, वर्षभरानंतर मला तिचा आवाजच आठवेनासा झाला होता. ही गोष्ट मी ह्यांनाही कधी सांगितली नाही.

मग एक अमेरिकन ड्रिलर बायकामुलांसकट मायदेशी गेला आणि त्याची मोठी कॅरव्हॅन आमच्या कॅम्पात आली. तिचा ॲक्सल मोडला होता. ह्यांनी सुट्टीचे दोन शुक्रवार घालवून तो नीट केला. मुदीर खूश झाला, म्हणाला, घ्या तुम्हीच राहायला, आणि मुलीलाही आणा.

काय सांगू त्या गाडीचं! दोन चुलींचा गॅस, नळाची मोरी, आमची खोली वेगळी, आणि मागच्या बाजूला पडदा ओढून घ्यायचा एक छोटा पलंग. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ पावलं. पहिल्या दिवशी मी सकाळभर उगीचच येरझाऱ्या घातल्या. पलंगावर हिरव्या फुलांची चादर घातली, ती काढली, पुन्हा घातली.

फक्त एक गोष्ट डोळ्यांत खुपायची. दारातून उतरलं की लोखंडी पायरी, आणि खाली चाकं. आमच्याकडे घराला ओटा नाही असं कधी ऐकलंय? आलागेला माणूस बसणार कुठे? चपला काढणार कुठे? ते आठ कामगार सगळे रत्नागिरी-रायगडकडचे, आपल्याच माणसांतले. बाईमाणूस आत असताना एकही जण उंबऱ्याच्या आत यायचा नाही. ताटं हातात घेऊन उभ्याउभ्या वाळू खात जेवायचे बिचारे. आणि माझी मुलगी येऊन बघणार काय, तर तिच्या आईबापाचं घर टायरवर उभं!

"ओटा बांधा," मी म्हटलं.

"अगं, ही गाडी आहे. चाकं आहेत तिला."

"ती दिसतात म्हणूनच सांगतेय."

ह्यांनी बरीच कुरकुर केली, पण माझ्यापुढे ह्यांचं कधी चाललंय! सुलैबियाकडून येणाऱ्या ट्रकवाल्याकडून फुटके ब्लॉक मिळवले. आठही जणांनी एका शुक्रवारी हात लावला. दाराच्या बाजूची दोन्ही चाकं आत घेऊन, मधे वाळूचा भराव घालून, वरून सिमेंटचा गिलावा केलेला असा झकास ओटा झाला की बास. त्या दिवसापासून माणसं मांडी घालून जेवायला लागली. उद्या ही गाडी हलवायची वेळ येईल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मेकॅनिकच्यासुद्धा नाही!

मीनाच्या बंदरावर माझा भाऊ कामाला होता. सुट्टीवरून परत येताना तो मुलीला बोटीनं घेऊन आला. साडेसहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हातात नानीनं दिलेली खाज्यांची पुडी. मी धावत जाऊन तिला छातीशी धरली, तर ती अंग आखडून उभी राहिली. मग मामाच्या मागे गेली.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आजही नको वाटतात. पोर वाईट वागली असती तर बरं झालं असतं. ती इतकी गुणी वागली की माझा जीव कासावीस व्हायचा. जेवण झालं की स्वतःचं ताट धुवायची. पाणी प्यायचं तरी विचारायची. हिरव्या चादरीवर एक सुरकुती पडू द्यायची नाही, कडेला अंग चोरून झोपायची. मला हाक म्हणून मारायची नाही. जवळ येऊन उभी राहायची, मी बघेपर्यंत. दिवसभर ओट्यावर बसायची, आणि एकदा भावानं सांगितलं, "विचारत होती, परतीची बोट कधी आहे म्हणून." मी कांदा चिरत होते. बरं झालं, कांदाच चिरत होते.

आणि एका सकाळी ट्रॅक्टर दारात. पाइपलाइन पुढे गेली होती, कॅम्प दहा मैल सरकणार होता. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी लावली, ओढलं, आणि गाडी नुसती करकरली, जागची हलली नाही. मुदीर आला. ओटा बघितला. चाकं शोधायला वाकला, तर चाकं कुठे! तो आधी अरबीत बोलला, मग मोडक्या हिंदीत.

"ये गाडी है कि मकान? बारा बजे ट्रॅक्टर जाएगा. नहीं निकला तो गाडी इधर छोडो. तुम दो लोग पुरानी छोटी गाडी में. बच्ची वापस इंडिया. खलास."

त्याचंही काय चुकलं म्हणा. पण मी घड्याळ बघितलं तर साडेनऊ.

सांगून टाकते, गाडी निघाली. बाराला काही मिनिटं असताना दुसरं चाक मोकळं झालं, आणि आम्ही तिघंही तिच्याबरोबर गेलो. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

आठही जण कामावर गेलेले, त्यामुळे फोडायला आम्ही दोघंच. हे छिन्नी लावून, टायरला धक्का लागणार नाही असं टुकटुक करत होते. मी पहारीनं घाव घालत होते आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता. "हळू काय मारताय, लग्नाची पत्रिका लिहिताय का? इतकं सिमेंट कुणी सांगितलं होतं घालायला? मेकॅनिक ना तुम्ही? चाकं गाडताना अक्कल कुठे गेली होती?" घाबरले होते मी. ही पोर परत बोटीत चढणार आणि ह्या वेळी कायमची जाणार, एवढंच डोक्यात होतं, आणि बाहेर पडत होत्या शिव्या. हे बिचारे खाली मान घालून फोडत राहिले.

"ओरडू नकोस त्यांच्यावर!"

मी वळून बघितलं. मुलगी ढिगाऱ्यावर उभी होती. वेण्या सुटलेल्या, हातात ब्लॉकचा तुकडा, चेहरा लालबुंद. इतकी वर्षं मला न आठवलेला तो आवाज चांगला खणखणीत होता.

"अब्बा नकोच म्हणत होते! मामानं सांगितलंय मला! ओटा तुलाच हवा होता! आणि आता त्यांना बोलतेस होय?"

ह्यांची छिन्नी थांबली. ट्रॅक्टरवाला वळून बघायला लागला. तिचा शब्द नि शब्द खरा होता. आणि कमरेवर हात ठेवून जी उभी होती ती थेट माझ्यासारखी उभी होती. पहार माझ्या हातातून गळून पडली आणि मी तिथेच सिमेंटच्या धुळीत बसून हमसून रडायला लागले. पोर घाबरली, पुढे आली, पण माझी माफी काही मागितली नाही तिनं.

"परत बोल," मी म्हटलं.

आणि ती परत बोलली, आधीपेक्षा मोठ्यानं.