परतीचा पाइप

आमची आत्या गाडी चालवायला लागली की रस्त्याने पायी चाललेली माणसं तिच्याशी गप्पा मारत मारत घरी पोहोचत. काच खाली, कोपर बाहेर, आणि "काय गा, सुनेचा पाय बरा झाला का?" असं विचारून उत्तर शेवटपर्यंत ऐकता येईल एवढाच वेग. मागे हॉर्नचा कल्ला उठला की ती मान बाहेर काढून शांतपणे सांगे, "घाई असन तं पायदल जा!" नागपूरच्या हुडकेश्वरात तिचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ती सगळ्यांची 'गाडीवाली आत्या'. भाजीला गाडी, देवळात गाडी, समोरच्या गल्लीतल्या हळदीकुंकवालाही गाडी. पायी गेली असती तर लवकर परतली असती, पण हे तिला सांगणार कोण?

गाडी म्हणजे आतोबांनी घेतलेली जुनी पांढरी फियाट. आतोबा गेल्यावर नातेवाईक गहिवरून म्हणू लागले, "त्यांची आठवण जपून आहे हो बिचारी." हे 'बिचारी' आत्याच्या कानावर गेलं आणि ती भडकलीच. "आठवण फोटोत आहे. गाडी माह्या हौसेची आहे." लगेच किल्ली उचलून ती त्याच नातेवाइकांकडे गेली आणि त्यांच्या फाटकात आडवी गाडी लावून चहा पिऊन आली.

तिची दुसरी खोड म्हणजे दुकानाशी वैर. "घरात असन तं दुकानात काहून जाव?" कुकरचा तुटका दांडा तिच्या न्हाणीघराच्या दाराला मूठ म्हणून बसला होता. माळ्यावर तर मेलेल्या कूलरांचं अख्खं खानदान नांदत होतं. नागपुरात कूलर कुणाकडे नसतो? पण आत्याकडे कूलर मरून गेले तरी त्यांचे पंप आणि पाइप मात्र अमर. त्या पाइपांनी तुळशीला पाणी जायचं, त्यांवरच कपडे वाळायचे. मी हसलो तर म्हणायची, "दात काढू नको पिंट्या. मागच्या उन्हाळ्यात तुह्याच बायकोनं मागून नेला होता."

एका दसऱ्यानंतर फियाटच्या इंजिनाने कायमची मान टाकली. पुण्याहून सुहासदादाचा, म्हणजे तिच्या मुलाचा फोन आला. दादा तसा भला माणूस, पण आई या वयात एकटी राहते, वर गाडी हाकते, याचा त्याला घोर. "आता तरी ये इकडे," तो म्हणाला. आत्याने फोन ठेवला आणि थेट बबन मिस्त्रीला बोलावलं. पुण्याला जायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. स्वतःचं घर, स्वतःची गल्ली, स्वतःचं स्टीअरिंग. तिथे गेल्यावर सुनेच्या मागे बसून फिरायचं? छे!

बबन मिस्त्रीने एका नव्या छोट्या गाडीचं इंजिन शोधून आणलं. बसवताना आत्या शेजारी खुर्ची टाकून बसायची, मीही रविवारी असायचो. बबनने सांगितलं, "आत्या, जुनं इंजिन घोट घोट पेट्रोल पेत होतं. हे इंजेक्शनवालं आहे, याले प्रेशर लागते. जुना पाइप ठेवला तं फाटन. पंप, पाइप, क्लिपा, टाकीपासून सगळंच बदला लागते."

"अन् हा दुसरा पाइप कायचा?"

"रिटर्नचा. इंजिन लागन तेवढं घेते, उरलेलं पेट्रोल टाकीत वापस."

आत्याने नाक मुरडलं. "म्हणजे उष्टं टाकीत?"

"उष्टं नाही हो, ते पानात पडलंच नाही."

"मंग चालते," आत्या म्हणाली. पण त्या क्षणी तिच्या मनात परतीच्या पाइपाची किंमत उतरली, ती उतरलीच. जाणारं पेट्रोल म्हणजे पंगतीतला जावई आणि येणारं म्हणजे पातेल्यातलं उरलंसुरलं. त्याला कशाला भारी पाइप?

सगळं काम झालं, फक्त परतीच्या पाइपाचा इंजिनाजवळचा एक तुकडा राहिला. योग्य जातीचा रबरी पाइप बाजारातून यायचा होता. "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका," असं बजावून बबन मेहुणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेला. नेमका त्याच संध्याकाळी सुहासदादा न कळवता दारात हजर! चहा होतो न होतो तोच मायलेकांची जुंपली. शेवटी दादा म्हणाला, "उद्या रामटेकला जाऊन येऊ. गाडी वाटेत बंद पडली तर तू पुण्याला यायचं. नाही पडली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"लागली शर्त!" आत्या म्हणाली. "पिंट्या, तू साक्षीले."

ती 'थांब, एक तुकडा यायचा आहे' असं म्हणू शकली असती. पण मग ती आमची आत्या कसली? पहाटे तिने माळ्यावरून कूलरचा पाइप काढला, कात्रीने कापला आणि त्या रिकाम्या जागी बसवून क्लिपा आवळल्या. आम्हा दोघांना याचा पत्ता नव्हता.

गाडी काय पळाली म्हणून सांगू! कन्हानच्या पुलावर तर आत्याने चक्क एका ट्रकला मागे टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच. रामटेकला दर्शन झालं, जेवणं झाली. परतताना दादा पुढच्या सीटवर घोरत होता आणि मी मागे संत्री सोलून खात होतो. सालींच्या वासापुढे मला दुसरा कसला वास येणार? मेडिकल चौक गेला. मानेवाडा आला. घर हाकेच्या अंतरावर राहिलं. आत्या शर्त जिंकल्यातच जमा होती.

आणि तिने गाडी बाजूला घेतली. किल्ली फिरवून बंद केली.

"उतरा. दोघंबी. आत्ताच्या आत्ता." तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बॉनेट उघडलं. आतला पारदर्शक पाइप उकडलेल्या शेवईसारखा लिबलिबीत होऊन क्लिपेतून निसटत आला होता आणि तापलेल्या इंजिनाशेजारी टपटप पेट्रोल गळत होतं. दादाने डोळे चोळत पाहिलं. "आई, हा कूलरचा पाइप आहे?"

"मंग? हिवाळ्यात रिकामाच पडून राहते."

दादा आधी पांढराफटक पडला, मग असा हसत सुटला की त्याला खाली बसावं लागलं. हसून झाल्यावर मोठ्या मनाने म्हणाला, "आई, गाडी बंद पडली नाही. तू बंद केलीस. तू शर्त हरली नाहीस."

"नाही," आत्या म्हणाली. "हरली मी. उगाच दान टाकू नको मले."

तिने शब्द पाळला. बबन लग्नाहून आला, त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि खरा पाइप बसवला. त्यानंतर आत्याने जाहीर केलं की ती पुण्याला गाडीनेच जाणार आणि गाडी तीच चालवणार. दादा हवालदिल. "पुण्याले येते म्हटलं होतं न? मंग येऊन राहिली. तुले भेव वाटत असन तं तू रेल्वेनं ये." दादा निमूट शेजारी बसला.

अख्खी गल्ली निरोपाला लोटली होती. दादा कुणाच्या तरी पाया पडत होता, तेवढ्यात मी खिडकीशी वाकून विचारलं, "आत्या, घर एवढं जवळ होतं. पोहोचली असती ना गाडी?"

"पोचली असती. एकटी असती तं नेलीच असती." तिने दादाकडे पाहिलं. "गाडीत माहा लेक झोपला होता न रे."

मी लगेच म्हटलं, "आणि मी? मीही होतोच की मागे!"

"तू होता म्हणूनच तं दोन चौक उशिरा थांबवली, भैताडा!" असं म्हणून तिने माझा कान पिळला, इतका जोरात की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी आत्या पुण्यातच गेली. ते कान पिळणं, हीच तिची नि माझी शेवटची भेट.