हौसाबाईंनी भट्टीचं झाकण उघडलं नव्हतं

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

पिंपळवंडीत, माझ्या घरामागच्या शेडमध्ये, अकरा बायकांसमोर मी हौसाबाईंना खोटारडी म्हणाले.

परवा हौसाबाई गेल्या. सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि गेल्या.

काल मला कळलं, की त्या खरं बोलत होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुण्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झाल्यावर इथे येऊन मी एक छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतली आणि बायकांसाठी क्लास सुरू केला. मणी बनवणाऱ्यांकडच्या उरलेल्या काचेच्या कांड्या आणायच्या, तुकडे करून फरशीवर मांडायचे, भट्टीत ठेवायचे. काच मऊ होते, तुकडे एकमेकांना धरतात, एकजीव होतात.

नियम एकच. आतलं पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. गार वारा लागला की काच तडकते.

हौसाबाई आणे गावाहून एसटीने यायच्या. घर मेंढपाळांचं. मुलांनी कांदा धरला आणि कळप विकून टाकला. नातीने मेंढरं फक्त मोबाइलवर पाहिलेली.

"म्याडम, तिला आमचा मेंढरांचा वाडा दावायचाय. काचंत."

चार शनिवार त्या एकेक मेंढी मांडत होत्या. पांढऱ्या कांडीचे तुकडे, काळी तोंडं. प्रत्येकीची ओळख वेगळी.

"ह्यो एडका लई माजलेला व्हता. त्याला जाडी कांडी द्या."

"आणि ही कडेला एकटी का?"

"ती तशीच. सासूवानी. कुनात मिसळायची न्हाई."

अख्खा क्लास हसला होता. मीसुद्धा.

मेंढरांच्या खाली माळरान हवं होतं. त्यासाठी बिनरंगी कांड्या मी दिल्या. माझ्या हाताने दिल्या, हे लक्षात ठेवा.

शुक्रवारी भट्टी लावली. शनिवारी मी शेडमध्ये आले तेव्हा हौसाबाई सगळ्यांच्या आधी येऊन भट्टीला टेकून बसल्या होत्या. सगळ्या जमल्यावर मी झाकण उघडलं. कळपाचे तीन तुकडे.

"झाकण कोणी उघडलं होतं?"

"कुनीच न्हाई म्याडम. म्या नुसती बसले व्हते. ऊब लई चांगली व्हती."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. माझा पारा चढला.

त्या खाली वाकल्या, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तडा बघा की. त्यो बिनरंगी कांडीच्या कडंकडंनं गेलाय. बाकीचं समदं धड हाय."

"आता केमिस्ट्री तुम्ही मला शिकवणार? खोटं बोलायचं असेल तर पुढच्या शनिवारपासून येऊ नका."

त्यांनी तुकडे पदरात घेतले. "येते," म्हणाल्या. आल्या नाहीत.

मध्ये एकदा आळेफाट्याच्या स्टँडवर दिसल्या. त्यांनी हात वर केला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. पर्समध्ये काहीही शोधायचं नव्हतं.

काल भेटायला आण्याला गेले. त्यांच्या सुनेने, मंगलने, चहा दिला आणि सरळ तोंडावर सांगितलं. "मॅडम, गावात समदे म्हनायचे, काचवाल्या बाईनं हाकलली, हिनं भट्टी उघाडली. आत्या क्लासचं नावच काढायच्या न्हाईत मग. एकदाच म्हनल्या, म्या न्हाई उघाडलं, पन कुनाकुनाला सांगत फिरू?"

खिडकीत ते तीन तुकडे जोडून ठेवले होते.

मी पहिल्यांदाच तडा पाहिला. म्हणजे खरंच पाहिला. गार वाऱ्याने गेलेला तडा वाटेत येईल ते कापत आरपार जातो. हा मेंढरांना वळसा घालत, बिनरंगी कांड्यांच्या कडेने गेला होता. त्यांनी सांगितलं होतं तसाच.

घरी येऊन कांड्यांची पेटी उपसली. कॉलेजच्या लॅबमधून आणलेल्या ढवळायच्या कांड्या मीच त्यात टाकून ठेवल्या होत्या. ती कडक काच. मण्यांची काच मऊ. दोन्ही गरम असताना चिकटतात, पण निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. मग फुटणारच.

खात्री करायला एक मिनिट लागतं. दोन्ही कांड्या शेजारी धरून बर्नरवर तापवायच्या आणि ओढून केसासारखा धागा काढायचा. धागा सरळ राहिला तर काच जुळते.

माझा धागा विळ्यासारखा वाकला.

फेब्रुवारीत हे एक मिनिट माझ्याकडे नव्हतं. कारण मी मॅडम. आयुष्यभर पोरींना "लेबल लावा, लेबल लावा" म्हणून ओरडले, आणि माझ्या पेटीवर लेबल नाही.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर बजावायच्या, की ज्यांच्यासमोर अपमान केलास त्यांच्यासमोरच माफी माग. कोपऱ्यात नेऊन मागितलेली माफी चालत नाही. म्हणून हे इथे, ज्या ग्रुपवर त्या अकराजणी आहेत तिथेच लिहितेय.

आता त्या दिवशीच्या अकराजणींना.

चूक माझी. पण तो आळ आण्यापर्यंत माझ्या पायांनी गेला नाही. ज्या घरात, ज्या हळदीकुंकवाला तुम्ही "हौसाबाईंनी झाकण उघडलं" असं सांगितलंत, तिथे परत जा. सांगा, त्यांनी हातही लावला नव्हता, कांड्या मॅडमने चुकीच्या दिल्या. माझं नाव घेऊन सांगा.

आणि कुठे जाऊन कोणाला सांगितलंत, ते येत्या मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत मला लेखी कळवा. कागदावर, सहीनिशी. नुसता अंगठ्याचा इमोजी किंवा फॉरवर्ड नको.

बुधवारी दशक्रिया आहे. आपल्याकडे दशक्रियेला माईक कोणालाही मिळतो, ज्याने त्या माणसाला कधी पाहिलंही नाही त्यालासुद्धा. मीही मागणार आहे. आधी माझी चूक सांगेन, मग तुमचे कागद वाचेन. ज्यांचा कागद आला नाही, त्यांची नावं हजेरीवरून वाचेन.

हौसाबाई, नमस्कार करते. तुम्ही खोटं बोलला नाहीत. हे तुमच्या तोंडावर सांगायला मला स्टँडवर दहा पावलं चालायची होती.