पितृपक्षात रिकामं कार्यालय

मुलीच्या नाचासाठी हॉल शोधायला निघालो तेव्हा दोन फोनमध्ये काम होईल असं मला वाटलं होतं. आम्ही दीपनगरच्या वसाहतीत राहतो. मुलगी भुसावळला एका बाईंकडे लहानपणापासून भरतनाट्यम शिकते. इतक्या वर्षांत तिने गणपतीच्या मांडवात, गॅदरिंगला, कुणाच्या तरी सत्काराच्या आधी आणि कुणाच्या तरी भाषणानंतर भरपूर नाचून घेतलं. यंदा ती म्हणाली, "बाबा, मधे कुणी माइक हातात न घेता मला एकदा पूर्ण नाचायचंय." मागणं एवढंच होतं. ते पुरवायला जिल्हाभर हिंडावं लागेल हे मला कुठे माहीत होतं?

एका मोठ्या नाट्यगृहाचं भाडं ऐकलं आणि मी आवाज येत नसल्याचं नाटक करून फोन ठेवला. भाड्यावर अनामत वेगळी, दिवे वेगळे, ध्वनी वेगळा. इतकं सगळं देऊन प्रेक्षकांनी जिना चढून वर जायचं. माझ्या सासूबाई चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांना वर कसं न्यायचं असं विचारलं, तर उचलून न्या, सगळे तसंच करतात, असं उत्तर मिळालं. स्वस्तातला हॉल म्हणावा तर त्याला शहाबादी फरशी. तिच्यावर पाय आपटले की मुलींच्या टाचा महिनाभर दुखतात, म्हणून बाईंनी तो बाद केला. नाच शिकवणारे गल्लोगल्ली झालेत, पण शिकलेलं दाखवायचं कुठे, याचा विचार कुणीच केलेला नाही. यावर मी घरी इतकी भाषणं दिली की मुलगी म्हणाली, तुमच्यासाठीच एक हॉल घेऊ.

शेवटी मार्ग निघाला तो रावेर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. मालक केळीचे बागायतदार. ते म्हणाले, पितृपक्षात या, तेव्हा इकडे कुणी फिरकत नाही. लाइटबिल द्या, झाडलोट करून घ्या, बाकी काही नको. कार्यालय सगळं तळमजल्यावर होतं. आचाऱ्यांच्या गाड्या आत-बाहेर न्याव्या लागतात म्हणून कुठे पायरी नाही आणि दारं ऐसपैस. सासूबाईंची खुर्ची थेट पहिल्या रांगेपर्यंत गेली असती. स्टेजवर प्लाय अंथरला की टाचांचाही प्रश्न मिटत होता. माझ्या बायकोला पितृपक्ष पटेना. पोरीचा पहिला मोठा कार्यक्रम आणि तो या पंधरवड्यात? मी म्हटलं, आपण काय तिचं लग्न लावतोय का? हे वाक्य मी तेव्हा फार ऐटीत बोललो होतो.

निमंत्रण भुसावळच्या ज्या दुकानात करून घेतलं तिथे लग्नपत्रिकाच छापतात. त्याने त्याच्याकडचाच नमुना उघडला. वर गणपती, कडेला तोरण, मधे फोटो. फोटोत मुलगी पूर्ण नृत्यवेषात होती. कपाळावर बिंदी, कमरेला पट्टा, केसांत गजरा. शेजारी तिच्याच क्लासातला तरुण, कारण एक नाच दोघांचा होता. खाली कार्यालयाचं नाव ठळक, 'सहकुटुंब अवश्य यावे' त्याहून ठळक. 'नृत्याचा कार्यक्रम' हे शब्द नक्षीच्या वेलीत कुठेतरी होते. मला ते छान वाटलं. मी ते बाईंना पाठवलं, ऑफिसात पाठवलं आणि हात फिरताच होता म्हणून भाऊबंदांच्या ग्रुपवरही टाकलं.

ग्रुपवर एरवी कुणाच्या म्हशीला रेडकू झालं तरी दिवसभर अभिनंदन चालतं. यावर चिडीचूप. एकाने नुसते हात जोडले. मी बायकोला म्हटलं, बघ, यांना जेवण असलं तरच यायचं असतं, कलेशी यांचं वाकडं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं होतं. बाईंनी त्यांच्या गुरूंना नाशिकहून बोलावलं होतं. त्यांच्यासमोर माझी गावाकडची गर्दी, मोठमोठ्याने बोलणारी, मधेच पाणी मागणारी, मला नकोच होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपार कलता कलता लोक येऊ लागले. नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या आम्ही स्टेजच्या मागे ढकलल्या होत्या. कमान भिंतीत पक्की होती, तिच्यावर पडदा टाकला. नाशिकच्या गुरूंना मी पहिल्या रांगेत बसवत होतो, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून आबा आणि काकू उतरले.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पारोळ्याकडे आमच्या गावी शेती बघतात. सकाळपासून दोन एसट्या बदलून आले होते. अंगावर कडक इस्त्रीचं नवं धोतर आणि फेटा. काकू जरीच्या साडीत, घडीच्या रेषा अजून मोडलेल्या नव्हत्या. तिच्या हातात मोठी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा नारळ. दारात कुणी कुंकू लावायला आहे का, असं ती पाहत होती. गुरूंनी वळून बघितलं आणि माझ्या मानेपर्यंत रक्त चढलं.

मी पुढे झालो, पाया पडलो. आबा अहिराणीत काहीतरी विचारत होते. मी त्यांना शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. घरात आयुष्यभर ज्या भाषेत बोललो, ती मला त्या क्षणी येत नव्हती. पुढच्या तीन रांगांत जागा मोकळी होती. मी दोघांना मागे घेऊन गेलो, अगदी शेवटी, स्वयंपाकघराच्या दाराशी, खांबाच्या आडोशाला. इथे पंख्याचा वारा चांगला लागतो असं म्हणालो. काकूने माझ्याकडे एकदा पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

मुलगी सुंदर नाचली. मी बाप आहे, पण तरी सांगतो, सुंदर नाचली. मधे कुणीही माइक घेतला नाही. दोघांचा नाच सुरू झाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर आबा खांबाच्या बाजूने मान काढून त्या तरुणाला निरखत होते. सोयरिकीला आलेला माणूस मुलाला बघतो, तसे.

कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या, लोक उठले. मुलगी आणि तो तरुण गुरूंच्या पाया पडून वळत होते, तेवढ्यात आबा पुढे आले. पिशवीतून टोपी आणि टॉवेल काढून त्यांनी त्या तरुणाला आहेर केला. त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. काकूने मुलीची ओटी भरली. मुलगी घुंगरू बांधलेल्या पायांनी तशीच उभी राहिली, पदर नव्हता म्हणून ओटी तिने ओंजळीत घेतली. ऑफिसातले लोक हसले. त्या पोराने मात्र वाकून नमस्कार केला. गुरूही कौतुकाने बघत होत्या. पण मला कुणाचंच कौतुक दिसत नव्हतं. मी काकूला हाताला धरून बाजूला घेतलं आणि जरा चढ्याच आवाजात विचारलं की हे काय चालवलंय.

काकू आवाज खाली आणून बोलली. "पोर आपली शे, भाऊ. बठ्ठा म्हनी ऱ्हायनात, नका जाऊ. मी म्हन्तं, कोनी येवो नही येवो, आपले जानं पडी."

सगळे नका जाऊ म्हणत होते म्हणजे काय, मला आधी काही कळेना. मग हळूहळू तिच्याकडून सगळं बाहेर आलं. पत्रिका गावात फोनवरून फोनवर फिरली होती. गणपती, तोरण, कार्यालय, सजलेली मुलगी, शेजारी कुणालाही माहीत नसलेला मुलगा आणि तारीख पितृपक्षातली. पितृपक्षात कोण लग्न लावतं? थांबता येत नसेल तोच. पोरीचं काहीतरी झालंय, झाकायला घाईघाईत उरकताहेत, असा सगळ्या भाऊबंदकीने अर्थ लावला. कुणी मला फोन करून विचारलं नाही आणि कुणी आलंही नाही. या पंधरवड्यात नवं वस्त्र अंगाला न लावणारी काकू नवी साडी नेसून आली होती. मांडवात मुलीच्या बाजूचं कुणी नसलं तर पोर एकटी पडेल, म्हणून.

आणि ती आली ते काहीही न विचारायचं ठरवून. पूर्ण वेळ तिने एक अक्षर विचारलं नव्हतं.

लाज वाटते म्हणजे काय होतं ते मला तेव्हा अंगभर कळलं. मी अहिराणीतच सांगितलं की लगीन नाही, तसं काहीच नाही, पोरीचा नुसता नाच होता, तोच बघायला सगळ्यांना बोलावलं होतं.

काकूने दोन्ही हात तोंडावर ठेवले. डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. आबांना तिने तिथूनच हाक मारून सांगितलं. ते एका खुर्चीवर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि नुसतं देवाचं नाव घेत राहिले. दोन एसट्यांमध्ये त्यांनी काय काय मनात आणलं असेल, त्याचा विचार मला करवेना.

मग काकू डोळे पुसून पुन्हा माझ्याकडे वळली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग आमले मांगे काब बसाडं?"

मागे का बसवलं, हे तेव्हा तिने स्वतःच समजून घेतलं होतं. घरावर बाका प्रसंग आहे, पुतण्याला चारचौघांत जास्त बोभाटा नको असेल, म्हणून तिने मान हलवली होती. आता प्रसंगच नव्हता म्हटल्यावर तिच्याजवळ माझ्यासाठी दुसरं कारण उरलं नव्हतं. खांबामुळे पोरीचे पाय दिसले नाहीत, असंही ती म्हणाली.

मी म्हणालो, पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या.

"हां," ती लगेच म्हणाली, "पाहुनासले पुढेच बसाडनं पडस." माझी बाजू तिनेच सावरून घेतली. मग पिशवीत हात घालून तिने तळाशी राहिलेलं शर्टाचं कापड काढलं. नवरीच्या बापाचा मान म्हणून आणलेलं. आता परत कुठे न्यायचं, असं म्हणत तिने ते माझ्या हातात दिलं आणि नुसता नाच होता ना, असं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मी हो म्हणालो आणि ते कापड घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो.