सुमनअक्काचे बिबडे आणि आबांची मैफल

आबांची उन्हाळी मैफल एका पत्रकात बुडवायचा मान माझा आहे.

एरंडोलात आमच्या गल्लीसमोरच्या मैदानात, निंबाखाली, माझे आजोबा दर वैशाखात शास्त्रीय गाण्याची मैफल भरवतात. (वैशाखात! खानदेशात! उघड्यावर!) तिचा इतिहास थोर आहे. एका वर्षी उकाड्याने तबला इतका चढला की गायक त्याच्यामागे धावत राहिले. एका वर्षी दिव्यावरचा किडा भर तानेत बुवांच्या तोंडात गेला. श्रोत्यांना ती नवी हरकत वाटली, वाहवा झाली! पण माणसं दरवर्षी आटत गेली. गेल्या वर्षी भैरवीला उरलो आबा, मी आणि सतरंज्या न्यायला थांबलेला मंडपवाला.

"यंदा शेवटपर्यंत दहा माणसं थांबली नाहीत तर मैफल बंद," आबांनी जाहीर केलं. "मंडपवाला धरायचा नाही."

मी पेटले. अन्याय दिसला की मी पत्रक काढते. (बसथांब्यावर सावली हवी म्हणून तीन काढली. सावली अजून यायची आहे.) उकाडा टाळायला यंदा वेळ पहाटेची ठरवली आणि रात्रीतून मजकूर लिहिला: 'मूठभरांची मक्तेदारी मोडा! मैदान गल्लीतल्या बायांचं! रविवारी पहाटे पाचला हक्काने या!' आबा चष्मा शोधत होते, पण मी कागद दाखवलाच नाही. तपासून घेणं ही प्रस्थापितांची खोड!

रविवारी पहाटे मी मैदानात पांढऱ्या चादरी अंथरल्या, श्रोत्यांना गार वाटावं म्हणून त्यांवर पाणी शिंपडलं, कडेला दगडाखाली उरलेली पत्रकं ठेवली आणि धुळ्याहून येणाऱ्या बुवांना आणायला बसस्टँडवर गेले.

परत येऊन पाहते तर चादरींवर बिबडेच बिबडे! ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या कापडावर थापायचा, उन्हात वाळवायचा, वर्षभर तळून खायचा. मध्यभागी शेजारच्या सुमनअक्का पातेलं घेऊन बसलेल्या, भोवती अख्ख्या गल्लीतल्या बाया.

"अक्का! हे काय?"

"बिबडा शेतस, दुसरं काय! चादरी मस्त भिजाडी ठेयात व पोरी!"

"ही मैफलीची जागा आहे! इथे गाणं आहे!"

"तुनाच कागदवर लिखेल शे ना, मैदान बायास्नं? गाणानं कोठे लिखेल शे?"

मी पत्रक उचलून वाचलं. मक्तेदारी होती, हक्क होता, उद्गारचिन्हं तीन होती. गाणं नव्हतं. आबांचं नावसुद्धा नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदाच अन्याय करणारी व्यक्ती मला नावानिशी माहीत होती: मी.

"उचला सगळं!" मी ओरडले.

"वल्ला शेतस! सुकाशिवाय हात लावाना नही!"

एव्हाना आबाही येऊन उभे होते. बुवा शाल सावरत विचारते झाले, "आबा, श्रोते कुठे बसणार?"

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. (त्या नजरेवर पत्रक काढता येत नाही.) मग शांतपणे म्हणाले, "बुवा, यंदा श्रोते पसरलेत. तुम्ही सुरू करा."

बुवांनी डोळे मिटून आलाप लावला, आणि निंबावरचे कावळे खाली उतरले. बायांनी एकजात टाळ्या वाजवल्या. बुवांना वाटलं, दाद! त्यांनी आणखी जोरात तान घेतली. कावळे पुन्हा आले, पुन्हा टाळ्या! बुवा रंगात आले. एका समेवर तर अक्कांनी "हाऽऽड!" अशी आरोळी ठोकली. बुवांनी त्या आरोळीला हात जोडून नमस्कार केला आणि ती बंदिश पुन्हा गायली.

ऊन चढलं. बुवा थांबेनात, बाया उठेनात. कशा उठतील? बिबडे ओले, कावळे हजर! भैरवीला आबांनी माणसं मोजायला बोट उचललं, आणि दहाच्या पुढे जाताच ते बोट डोळ्याच्या कडेला नेलं.

"घाम," ते म्हणाले.

चहा घेताना ते सुमनअक्कांजवळ बसले. "अक्का, पुढच्या वर्षी घाटा कधी लावता ते आधी सांगा. बुवा त्या दिवशीचे ठरवतो."

"आणि मी पत्रक..." मी सुरुवात केली.

"तू कावळे हाक," आबा आणि अक्का एकदम म्हणाले.

मी बाणेदारपणे उठले. तेवढ्यात एक कावळा कडेचा, चादर न पुरल्याने पत्रकावरच थापलेला बिबडा घेऊन उडाला. त्याला खालून माझं पत्रक चिकटलेलं होतं, घोषणा दिसेल असं. मी त्याला हाकललं नाही. माझं पत्रक स्वतःहून उचलून घरी नेणारा एरंडोलातला तो पहिलाच!