मधले नंबर

लातुरातला तो हार्डवेअरवाला लाकूड घासायच्या सँडरच्या चकतीवरचा नंबर कधीच वाचत नाही. चकती नखावर अलगद फिरवतो, डोळे मिटतो आणि नुसत्या खरखरीवरून दाणा अचूक ओळखतो. त्याच्या त्या कानांवर माझा विश्वास होता. लेकीसाठी मी स्वतः बनवत असलेल्या टेबलाकरिता ऐंशी, एकशेवीस, एकशेऐंशी आणि दोनशेवीस नंबर मागितले, तेव्हा त्याने पहिला आणि शेवटचा तेवढा पुढे सरकवला.

"मधले कशाला, ताई? हौसेचं काम हाय तुमचं. एवढं लई झालं."

पॉलिशचा पहिला हात फिरताच सागाच्या मधाळ अंगावर ऐंशीच्या जाड दाण्याचे, मधल्या नंबरांनीच निघणारे शेकडो गोल ओरखडे उमटले. माझ्या अंगाची आग झाली. टेबलाचा सुटा तक्ता उचलून मी तशीच दुकानात गेले. तो स्वतःच्या घरचा नवा देव्हारा घासत बसला होता. शेजारी चारही नंबरांच्या चकत्या क्रमाने मांडलेल्या.

"इथे मधले नंबर लागले का?"

"देवाचं काम हाय, ताई," तो शांतपणे म्हणाला.

मी देव्हारा बाजूला सारला आणि तक्ता त्याच्यासमोर ठेवला.

"आधी हे घासा. देव थांबेल."